तोरा शिकवणाऱ्याला नाकारलेली जागा

आमच्या मंडळीने ज्याच्यावर अन्याय केला तो माणूस इस्राएली, म्हणजे यहुदी, होता. रस्ते खात्यातून निवृत्त झालेला ओव्हरसियर, आणि आम्हाला दर शनिवारी तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, शिकवणारा गुरुजी. अन्याय झाला जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या दुसऱ्या शुक्रवारी, भर दुपारी. त्या सकाळी त्याची बायको वारली. तिला पुरायला त्याने आमच्या कबरस्थानात साडेतीन हात जागा मागितली, आणि स्वतःला अब्राहामाची लेकरं म्हणवणाऱ्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने ती दिली नाही.

नाही म्हणणारा माझा बाप होता. तो मंडळीचा उपदेशक. आजही आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. विहीर सगळ्यांना खुली करा, दारूचं दुकान गावाबाहेर न्या, असली. पत्रकात मागणी शेवटी लिहितात, ती इथेही शेवटीच येईल. पण पत्रकात हळहळ लिहिता येत नाही, आणि माझ्याजवळ रागापेक्षा आता तीच जास्त उरली आहे. म्हणून हे असं लांबण लावून लिहितो.

बुलढाण्याहून धाड या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तो रस्ता गुरुजींच्या देखरेखीखाली झाला होता. मूळचे ते कोकणातले, कुलाब्याकडचे. बायकोला दम्याचा त्रास, तिला इकडची कोरडी हवा मानवली, म्हणून नोकरी संपल्यावरही इथेच भाड्याने घर घेऊन राहिले. दोघांची भाषा मराठीच, आमच्यापेक्षा जरा नाकातली. ते आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणायचे, त्यामुळे अर्धा गाव त्यांना मुसलमान समजायचा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, घरात चूल पेटत नाही, म्हणून उरलेला अर्धा गाव त्यांना शनीचे भक्त समजायचा. गुरुजी कुणालाच दुरुस्त करत नसत.

बा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेला तो वर्गणी मागायला. दाराच्या चौकटीला बोटाएवढी एक डबी तिरपी ठोकलेली त्याने पाहिली आणि विचारलं, यात काय आहे. गुरुजी म्हणाले, "तुमच्याच पुस्तकातल्या ओळी आहेत, उपदेशक. चौकटीवर लिहून ठेवा असं मोशेने सांगितलं होतं. तुम्ही नाही का ठेवल्या?"

बा घरी आला तो वर्गणी विसरूनच. मायला म्हणाला, "आपलं अर्धं पुस्तक त्या मानसाच्या घरचं हाये वं. आन् आपन त्याच्या दारात वर्गनी मागून राह्यलो."

ही गोष्ट आम्हाला केवढी वाटली ते सांगायला हवं. गाव आम्हाला साहेबाच्या धर्मातले म्हणायचा. बाजारात कुणीतरी हटकून विचारायचाच, "काय बे, साहेबानं आज पाव देल्ला का नाही?" आणि इथे एक माणूस भाकरी खाणारा, धोतर नेसणारा, मराठीत शिव्या देणारा, आणि तोच म्हणत होता की दाविदाची गाणी आमच्या घरातली आहेत, तुमचा येशूसुद्धा आमच्याच मशिदीत वाचायला उभा राहायचा. मग साहेब कोण? तोही आमच्यासारखाच नंतर आलेला पाहुणा. मी लगेच पत्रक काढलं: आमचा धर्म गोऱ्यांचा नाही. ते वाटताना मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच पत्रकाने दिला नाही.

शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण त्यांच्या ओसरीवर बसायचो. बा सगळ्यांत पुढे. पहिल्याच शनिवारी त्याने सवयीने बिडी काढली. गुरुजी म्हणाले, "ती खिशात ठेवा. आज माझ्या घरात आग नाही."

"आन् चहा?"

"चहा रविवारी. तेव्हा तुमचा शब्बाथ असतो, तुम्ही पाजा."

चहाऐवजी गुरुजींची बायको, आमच्या काकू, मनुकांचं सरबत आतून पाठवायच्या. आदल्या दिवशी भिजत घातलेल्या काळ्या मनुका कुस्करून, गाळून. त्या ओसरीवर कधी आल्या नाहीत, पण दाराआड बसून सगळं ऐकायच्या, आणि गुरुजी चुकले की आतून बांगड्या वाजायच्या.

जगभरचे इस्राएली त्या आठवड्यात तोरातला जो भाग वाचतात तोच आम्ही वाचायचो. गुरुजी आधी हिब्रूतून म्हणायचे, मग मराठीत सांगायचे, आणि मग थांबायचे. आमच्या मिशनच्या प्रश्नोत्तरीत प्रश्न छापलेला, उत्तर त्याच्याखाली छापलेलं. पाठ केलं की झालं. गुरुजी प्रश्न विचारून पुढच्या शनिवारपर्यंत तसाच सोडून द्यायचे. म्हणायचे, "घरी न्या. त्याच्याबरोबर जेवा, झोपा. उत्तराची घाई देवालासुद्धा नाही." बा सबंध आठवडा तो प्रश्न घेऊन फिरायचा. बैलाला पाणी पाजताना स्वतःशी बोलायचा. इतका सुखी तो मला आधी कधी दिसला नव्हता, नंतरही नाही.

दिवाळीनंतर, कापूस वेचणीला आला तेव्हा, अब्राहामाच्या बायकोच्या, सारेच्या, मरणाचा भाग आला. अब्राहाम परक्या मुलखात, बायको वारलेली, पुरायला हातभर जमीन नाही. तो उठून त्या मुलखातल्या हेथी लोकांपुढे वाकतो आणि जागा मागतो. गुरुजींनी प्रश्न टाकला: देवाने ज्याला सबंध देश द्यायचं वचन दिलंय, तो कबरीपुरत्या जागेसाठी लोकांपुढे का वाकतो?

पुढच्या शनिवारी एकेकाने उत्तरं दिली. कुणी म्हणालं नम्रता, कुणी म्हणालं विश्वासाची परीक्षा. बा शेवटी बोलला. "मले त अब्राहामाचं काही नवल नाही वाटत, गुरुजी. मले त्या लोकायचं वाटते. ज्याच्या घरी मयत हाये त्याच्यावर वाकाची पाळी येऊच काऊन द्यावं? त्यायनं आधीच उठून त्याच्या घरी जायाले पाह्यजे होतं."

गुरुजी मग आत वळून म्हणाले, "ऐकलंस का ग?"

"ऐकलं," काकू आतून म्हणाल्या. "त्यांना आणखी सरबत द्या."

आता तो शुक्रवार.

काकूंना पहाटे दम्याचा झटका आला आणि सकाळी त्या गेल्या. इस्राएली लोक मयत जाळत नाहीत, पुरतात, आणि होईल तेवढ्या लवकर. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरता येत नाही. वैशाखात एवढा वेळ मयत घरात ठेवणं कसं शक्य? त्यांचं जवळचं कबरस्थान कुठे होतं देव जाणे, तिथे पोचायला दिवस पुरला नसता.

गुरुजी दुपारी आमच्याकडे आले. डोक्यावर टोपी नव्हती, उपरणं घेतलेलं. दारातच उभे राहिले. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत. बापुढे हात जोडले आणि म्हणाले, "उपदेशक, जागा हवी."

बा रडला. हे मी लपवणार नाही, तो खरंच रडला. मग त्याने दोन पंचांना बोलावलं आणि तिघे लिंबाखाली बसले. बाप्तिस्मा न झालेल्याला कबरस्थानात जागा नाही, असा मंडळीचा नियम. तो केला कुणी, कधी, कुणालाच सांगता येईना. पण नियम. बुलढाण्याच्या मिशनच्या साहेबाला कळलं तर काय म्हणेल, हे तिघांच्याही मनात. शेवटी त्यांनी तोड काढली, आणि मोठा उपकार करतोय अशा चेहऱ्याने बा उठून आला.

"जागा देतो, गुरुजी. फक्त प्रार्थना आपल्या रीतीनं हुईन, येशूच्या नावानं. आन् डोक्याशी क्रूस लागीन. मंग कोनी बोट दाखवनार नाही."

गुरुजी म्हणाले, "तिला हे चाललं नसतं."

"दोन काड्या त हायेत, गुरुजी. एक उभी, एक आडवी. मानूस गेल्यावर काय फरक पडते?"

"फरक पडत नसेल तर नका लावू."

 बा खाली बघत राहिला. गुरुजींनी आकाशाकडे बघून ऊन किती उरलंय याचा अंदाज घेतला, आणि वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, बाला भांडता आलं असतं.

मी बाला काय काय बोललो ते लिहीत नाही. मायने मला गप्प केलं. ती डोक्यावर पदर घेऊन निघाली होती. बा म्हणाला, "कुठं चालली?"

"त्या बाईले आंघोळ घालाले. का त्याले बी पंच बसवता?"

आम्ही पोचलो तेव्हा गुरुजींच्या दारात चुनाभट्टीवाला मुसलमान उभा होता. गावाबाहेर त्याची भट्टी, तिला लागून त्याचं वावर. रस्त्याच्या पुलांना चुना त्याचाच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जागा मागितली नव्हती. ऐकलं आणि आला.

"साहेब," तो गुरुजींना म्हणाला, "तुमी माझा चुना दोनदा परत पाठवला व्हता. कच्चा हाये म्हनून. दोन्ही बार कच्चाच व्हता. माझ्या वावरात निंबाखाली पोरं खोदून राह्यले. तुमच्या रीतीनं करा, आमी बाजूले उभं राहू."

गुरुजी म्हणाले, "फुकट नको. अब्राहामानेही फुकट घेतली नव्हती."

"हाव, इब्राहीम आमचे बी हायेत. नंतर पाहू साहेब, आधी ऊन पाहा."

मायने आणि भट्टीवाल्याच्या बायकोने मिळून काकूंना आंघोळ घातली. कसं करायचं ते गुरुजी बंद दाराबाहेरून सांगत होते, आता पाणी डोक्यावरून, आता उजव्या अंगाने, आणि आतून माय म्हणत होती, "हो भाऊ, केलं." आम्ही उचललं. वावरात गुरुजींनी हिब्रूतून थोडंसं म्हटलं. मागे राहिलेल्याने म्हणायची एक प्रार्थना असते, तिला दहा इस्राएली माणसं लागतात. इथे ते एकटे. ती त्यांना म्हणता आली नाही.

माती सारखी झाली तेव्हा ऊन भट्टीच्या टोकावर होतं. घरी येऊन गुरुजींनी काचेच्या पेल्यात पाणी ओतलं, वर खोबरेल, त्यात वात. शब्बाथचा दिवा घरातली बाई लावते. त्यांना वात कापसाची किती जाड घ्यायची तेही ठाऊक नव्हतं. मायने वळून दिली. लावला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नेहमीच्या वेळी बा उठला, धुतलेला सदरा घातला, गुरुजींच्या कुंपणापर्यंत गेला. दार उघडं होतं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. आत गेला असता तर, असं मला अजून वाटतं. गुरुजी बस म्हणाले असते. पण तो गेला नाही, आणि पावसाळा संपल्यावर गुरुजी कोकणात भावाकडे निघून गेले. त्या शनिवारी तोरातल्या लेवीय पुस्तकातला जो भाग वाचायचा होता तो मी पुढे एकट्याने वाचला. तुमच्यात राहणाऱ्या परक्याला तुमच्यातलाच समजा, असं त्यात आहे. प्रश्न विचारायला कुणी नव्हतं.

बा अजून उपदेश करतो. मोशे, दाविद, येशू, सगळं सांगतो. सारेच्या मरणाचं सांगत नाही. वर्षातून एकदा तो चुनाभट्टीच्या वावरात जाऊन काकूंच्या कबरीवरचं गवत काढतो. भट्टीवाला त्याला चहा पाजतो. 

तो नियम मात्र अजून आहे. मी सभेत दोनदा मांडलं, दोनदा पुढच्या सभेवर गेलं. बुलढाण्याचा साहेब म्हणतो, मंडळीचा प्रश्न आहे. मंडळी म्हणते, साहेबाला विचारा.

म्हणून माझी मागणी तुमच्याकडे आहे. वाचणारे तुम्ही मोताळ्याचे असा, संग्रामपूरचे असा, तुमच्याही मंडळीत हा नियम आहे, आणि तो कुणी केला तुम्हालाही माहीत नाही. येत्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर, घरी जाऊ नका. उठून उभे राहा आणि तो तिथेच, सगळ्यांच्या समोर रद्द करायला लावा. पुढच्या सभेवर जाऊ देऊ नका. तुमच्या गावात जो एकटा परका राहतो, त्याच्या घरी जाऊन सांगा की जागा आहे, अट नाही. त्याने हात जोडून दारात येण्याआधी जा.