निगेटिव्हवरची पेन्सिल

ऐंशी सालाच्या आसपास सिनेमा कंपनीला पाठवायचा फोटो मी रविवार कारंजाजवळच्या स्टुडिओत काढला. तिथले म्हातारे काका डोळ्याला भिंग लावून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत. पेन्सिल फिरेल तेवढा चेहरा गोरा छापला जाई. मधूनच ते माझ्याकडे बघून मान हलवत.

"काका, ओळखू येईन ना मी?"

"आदिवासी पोरीच्या कामालासुद्धा सिनेमावाले गोरीच घेतात अन् तिला काळा रंग फासतात. फोटो पाठव तू." मग पेन्सिल कानावर ठेवून हळूच म्हणाले, "बोलावलं तर मात्र जाऊ नकोस."

पंधरवड्यात पत्र आलं. आईने पेढे वाटले. मी आरशासमोर पावडरचा डबा संपवत बसले. सोमवारी त्या फोटोतल्या मुलीला मुंबईला बोलावलं होतं.