हिल्सबरोचा राजगड

भूत होण्यासाठी आधी मरावं लागतं, अशी माझी पंचेचाळीस वर्षं समजूत होती. ती ऑकलंडमध्ये, हिल्सबरोच्या माझ्याच घरासमोर, भर उजेडात चुकीची ठरली.

(भर उजेडात, कारण ऑक्टोबरअखेर इथे वसंत असतो आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत लख्ख दिसतं. हॅलोविन मात्र उत्तरेकडच्या थंड देशांसारखंच करायचं, असा दंडक! बाहेर झाडं फुललेली, आणि आमची आठ वर्षांची ईशा खिडकीवर कागदाची वाळकी पानं चिकटवत होती. "ईशा, बाहेर बघ जरा. वसंत आलाय." "डॅड, इट्स ऑटम क्राफ्ट. टीचर सेड सो." विषय संपला.)

पण मूळ प्रश्न हॅलोविनचा नव्हताच. प्रश्न अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून पुण्यात एकटे असायचे, म्हणून त्यांना सहा महिन्यांसाठी आग्रहाने आणलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "रस्त्यावर माणूस दिसत नाही रे. संप आहे का?" नवव्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य: "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." मी बघतो म्हणायचो आणि बघायचो नाही. तो उन्हाळा त्यांनी आमच्याबरोबर काढावा, एवढीच माझी इच्छा होती.

अशात इथल्या मराठी मंडळाने दिवाळीची किल्ला स्पर्धा जाहीर केली. अण्णा खुर्चीतून उठले. "राजगड करायचा!" दुसऱ्या दिवशी चहाबरोबर तिकिटाचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यामुळे हा किल्ला उभा राहणं आणि परीक्षकांनी तो पाहणं माझ्यासाठी किती महत्त्वाचं होतं, ते लक्षात घ्या.

मी रीतसर सुरुवात केली. एकास अडीचशे प्रमाण धरलं, तर राजगड आमच्या छपराच्या वर जातो, असं गणित मी कागदावर मांडून दाखवलं.

"तू किल्ला बांधतोयस का इन्कमटॅक्स भरतोयस?" अण्णा म्हणाले. "घमेलं उचल."

घमेली मी उचलली. इथली पिवळी चिकणमाती फावड्याला एकदा चिकटली की सोडत नाही. निम्मा किल्ला मी बुटांवरून वाहून नेला. गवतासाठी आळीव पेरायचं, तर अण्णांनी लाडवांसाठी आणलेलं आळीव विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आधीच काढून घेतलं होतं ("आळीव म्हणजे काय बाँब आहे?" हे अण्णांनी त्याला मराठीत विचारलं, म्हणून निभावलं). मावळे तर मिळणारच नव्हते. शेवटी दोन डॉलरच्या दुकानातून प्लास्टिकचे काउबॉय आणले आणि माझ्या बायकोने, मेधाने, नेलपॉलिशने त्यांच्या हॅटी लाल केल्या. अण्णांनी तपासणी केली. "माणसं कशीतरीच आहेत. घोडे मात्र चांगलेत."

त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच आठवड्यात आले. परीक्षक येणार होते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमके एकतीस ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहाला. त्याच सुमारास शेजाऱ्यांची एक चिठ्ठी आली: ज्यांना भुताखेतांचे वेष करून खाऊ मागणारी हॅलोविनची मुलं दारात यायला हवी असतील, त्यांनी लेटरबॉक्सला केशरी रंगाचं काहीतरी बांधावं. मला व्यवस्था फार आवडली. नको असेल तर काहीच करायचं नाही! मी जेवताना सर्वांना बजावलं, "आपल्या लेटरबॉक्सला केशरी काहीही लागता कामा नये. पोरं आली तर किल्ला तुडवतील."

"सो एम्बॅरसिंग," ईशा म्हणाली. मेधा "बरं" म्हणाली. अण्णा त्या वेळी बाहेर चोर दरवाजा कोरत होते.

त्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसातून लवकर आलो. सहाच्या सुमाराला ढग आले.

"मेधा, आपली ताडपत्री कुठाय?"

"समोरच्या ट्रेव्हरला तूच दिलीस. लाकडं झाकायला."

मग मी डबलबेडची पांढरी चादर घेतली आणि किल्ल्यावर पसरली. कापडातून पाणी जातं हे मला माहीत आहे. पण ऐन वेळी माणूस माहिती वापरत नाही. पाच मिनिटांत चादर पावसाने भिजून जड झाली आणि बालेकिल्ल्यावर बसू लागली. तटबंदीचा एक तुकडा ढासळला! मी चादरीखाली शिरलो, एक पाय पद्मावती माचीशी, दुसरा संजीवनी माचीशी, आणि दोन्ही हातांनी चादर वर उचलून धरली.

"मेधा! दुसरं टोक धर गं!"

मेधा परीक्षकांसाठी चकल्या तळत होती. स्वयंपाकघरातला पंखा सुरू होता. तिला विमान उतरलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आणि मग फाटकाशी आवाज आला. "ट्रिक ऑर ट्रीट!"

"नो, थँक यू," मी चादरीखालून सभ्यपणे म्हणालो.

मग एक बारीक आवाज: "द घोस्ट सेड नो थँक यू!"

नीट समजावून सांगावं म्हणून मी उभा राहिलो. हात वर होतेच. चादरही अंगावर होतीच. जी किंकाळी उठली, ती थेट कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेणाऱ्यांनीही ऐकली असणार! पावलं पळाली. मी सुटकेचा श्वास सोडून परत खाली बसलो.

तीच पावलं परत आली. तिप्पट होऊन.

"डू इट अगेन, मिस्टर!"

"प्लीज गो अवे!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या.

"गुड ऑन यू, मेट!" हा ट्रेव्हर. त्याने नातवंडं आणली होती. (ताडपत्री आणली नव्हती.)

एवढी पोरं आमच्याकडेच का? मी चादरीच्या कडेने पाहिलं. लेटरबॉक्सवर दोन भलेमोठे भगवे झेंडे फडकत होते! परीक्षकांना घर सापडावं म्हणून अण्णांनी लावले होते. चिठ्ठीत केशरी काहीतरी बांधा म्हटलं होतं. आम्ही तर ध्वजारोहण केलं होतं.

तेवढ्यात अण्णा दारात आले. दोन महिन्यांत प्रथमच त्यांना रस्त्यावर गर्दी दिसत होती. त्यांचा चेहरा उजळलेला मला ओल्या चादरीतूनही दिसला.

"अरे वा! किल्ला बघायला आली सगळी? आणि ही तोंडं कुणी रंगवली रे तुमची? वेलकम, वेलकम! धिस इज राजगड!"

"अण्णा, थांबा! मी आत आहे!"

अण्णांना कमी ऐकू येतं. त्यांनी पुतळ्याचं अनावरण करावं तशी चादर खेचली. चादरीच्या टोकावर माझा पाय होता. मी गोल फिरलो, हात हवेत मारले, धरायला काही सापडलं नाही, आणि बसलो.

त्याच क्षणी फाटकातून परीक्षक लेलेवहिनी आणि त्यांचे यजमान लेलेकाका आत आले. वहिनींनी चष्मा नीट केला.

"माच्या सुरेख झाल्यात हो. पण बालेकिल्ला कुठाय?"

"मुलगा बसलाय त्याच्यावर," अण्णा म्हणाले.

मी उठलो. खाली एक चपटा काउबॉय होता.

"मोगलांना लढून जमलं नाही ते तू नुसतं बसून केलंस!" अण्णा कडाडले. (मोगलांना पुढे एकदा जमलं होतं, पण ती वेळ तपशील सांगण्याची नव्हती.) मला डोळ्यांसमोर विमान दिसू लागलं. सोमवारचं, पुण्याकडे तोंड केलेलं.

पण अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. सांगाड्याच्या वेषातलं एक पोरगं गुडघ्यांवर बसून चिखलाचा गोळा करून वर ठेवत होतं.

"शाबास! ए हाडं! इकडे, इकडे लाव. मोअर माती! तू गं, टोपीवाली चेटकीण, यू ब्रिंग पाणी!"

आणि ती सगळी भुतं चिखलात उतरली. अण्णा मराठीत ओरडत होते, पोरं इंग्रजीत ओरडत होती, ईशा मध्ये उभी राहून दुभाष्याचं काम करत होती आणि प्रथमच मराठीत मोठ्याने बोलत होती: "आजोबा, ही विचारते, दरवाजा कुठे करू?" लेलेकाका चकली खात ट्रेव्हरला माची म्हणजे काय ते समजावत होते. मी मदतीला पुढे झालो.

"तू तिकडे उभा राहा," अण्णा म्हणाले. "त्या कुंपणापाशी. अजून मागे. हं."

बालेकिल्ला उभा राहिला. थोडा वाकडा, पण राहिला. क्रमांक आला नाही. लेलेवहिनींनी 'सर्वाधिक लोकसहभाग' असं एक खास बक्षीस जागच्या जागी तयार करून दिलं.

जेवताना मी जीव मुठीत धरून बसलो होतो. शेवटी अण्णांनीच विषय काढला.

"ते तिकिटाचं."

"बघतो, अण्णा."

"अलीकडचं नको. मी सहा महिने पुरे राहतो. आणि पुढच्या दिवाळीला परत येणार. त्या हाडांना सिंहगड शिकवायचं कबूल केलंय मी."

आनंदाच्या भरात मी विचारलं, "मग पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ताच बघून ठेवू का?"

"ठेव ना. चार दिवसांचं."

"चारच दिवस? तुम्ही एवढ्या लांबून येणार आणि चार दिवस?"

"माझं नाही रे, तुझं. किल्ला पुरा होईपर्यंत कुठंही जाऊन ये."

मी आधारासाठी मेधाकडे पाहिलं.

"दिवाळीत भाडी वाढतात," ती म्हणाली. "आत्ताच बुक कर."