आमच्या पाड्याची डोली

मला लिहायला लावलंय मंदाने. मंदा म्हणजे आमच्या पाड्याची आशाताई. म्हणते, "काका, डोलीचे किस्से लिहून ठेवा, लोकांना कळू दे." लोकांना कळून काय होणार, रस्ता होणार? मी चौथीत शाळा सोडली, बोटं वळत नाहीत, तरी बया रोज येऊन वही बघते. घ्या मग.

आमचा पाडा खोडाळ्याच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता दीड तास खाली. बाईला कळा लागल्या की बांबूला चादर बांधायची, बाईला आत निजवायची आणि न्यायची. पुढे मी, मागे सोमा, दमलो की दुसरे दोघं. खांद्याला घट्टे पडले, तसे किस्सेही साचले.

*

सोमा ताडमाड, मी बुटका. उतारावर डोली पुढे झुकते. एकदा चंद्री घसरत घसरत माझ्या पाठीवर आली. कळा सोसतच म्हणाली, "थांबवा. मी चालते, तुम्ही दोघं बसा आत."

चालली पण, ओढ्यापर्यंत. आम्ही रिकामी डोली घेऊन मागून.

*

एकदा खाली रस्त्यावर मोटारसायकलवाली शहरातली दोन पोरं भेटली, धबधबा बघायला आलेली. डोली बघून हेल्मेट काढलं आणि हात जोडून उभी राहिली.

चादरीतून बाईनेच तोंड बाहेर काढलं. "मेले नाही अजून. वाट सोडा."

*

ॲम्ब्युलन्सला फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते, रेंज तिथंच. एकदा सोमाने लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "जवळची खूण सांगा."

"मोहाचं झाड."

"कुठलं मोहाचं झाड?"

"ज्याच्याखाली बाई कळा देतेय ते."

गाडी आली. बाई वाचली, पोर गार पडून गेलं. सोमा हा किस्सा सांगत नाही. मीच सांगतो.

*

त्यानंतर मंदाने आम्हा चौघांना अंगणात बसवलं, कापडाची बाहुली घेऊन. लहान जन्मलेलं बाळ गार पडतं, म्हणून उघड्या छातीला लावायचं, वरून कपडा. आईला जमत नसेल तर दुसऱ्या कोणीही.

सोमा म्हणाला, "कोणीही म्हणजे हा म्हातारा पण? पोर तोंड बघून आल्या वाटेने परत जाईल."

मी बाहुली टाकली आणि घरी गेलो.

*

मागच्या हिवाळ्यात सोमाचीच लेक सेवंती वीटभट्टीवरून माहेरी आली. आठवा लागलेला, अंगात रक्त नाही. सकाळी कळा सुरू झाल्या. सोमा डोलीला मागे, मंदा सोबत.

अर्ध्या वाटेत बाळंत झाली. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. मंदाने नाळ बांधून कापली, पण सेवंतीचं रक्त थांबेना. मंदाचे दोन्ही हात तिचं पोट दाबण्यात गुंतलेले.

"काका, शर्टाची बटणं काढा."

घेतली छातीशी. बेडकासारखी गार. डोक्याला माझा मफलर गुंडाळला. माझा खांदा दुसऱ्याने घेतला, मी बाजूने चालू लागलो. ती हलेना. म्हणून शिवी दिली, तर हलली. मी गप्प की ती गप्प. मग येतात तेवढ्या दिल्या, ठाण्याला बिगारीवर शिकलेल्या हिंदीसुद्धा. रस्त्यापर्यंत, आणि पुढे जीपमध्येही.

दवाखान्यात सेवंतीला स्ट्रेचरवर आत पळवली. मंदा आणि सोमा तिच्याबरोबर गेले, मी मागे राहिलो. गेटवर वॉचमनने माझा दंड धरला. पाय लटपटत होते, तोंडात शिव्या, शर्टाला फुगवटा.

"बाटली बाहेर ठेव, म्हाताऱ्या. हा दवाखाना आहे."

"सोड. बाळ आहे."

"रोज बघतो असली बाळं."

दोन्ही हात तिच्याखाली, त्याला ढकलू कसा? त्याच्याशी बोलण्यात तिला शिव्या द्यायचं राहिलं, आणि छातीवरची हालचाल थांबली.

मग मी त्याला दिल्या. आईपासून सुरुवात केली ती थांबलोच नाही. तिसऱ्या का चौथ्या शिवीला शर्टातून रडणं ऐकू आलं. त्याचा हात आपोआप सुटला.

दोघी जगल्या. पोरीला डोस द्यायला नेतात तेव्हा मी सोबत जातो. तो गेट उघडतो आणि दुसरीकडे बघतो. चूक झाली, एवढं म्हणायला त्याची काही जीभ झिजत नाही.

लोकांना कळू दे, हिरामण नाव त्याचं.