याचा फॉरमॅट नाही

पीएच.डी. करायची तर आधी गाइड शोधावा लागतो, हे मला प्रवेश परीक्षा पास झाल्यावर कळलं. ज्यांच्याकडे जागा होती त्यांना माझं वय खुपायचं. ज्यांना वय चालायचं त्यांच्याकडे जागा नव्हती. शेवटी एका सरांनी माझा विषय ऐकला, कारखान्यातल्या कंत्राटी बायका, आणि म्हणाले, "या. प्रकल्पात फेलोशिपही आहे." विभागाबाहेरच्या नळावर मी दोनदा तोंड धुतलं, रडलेलं दिसू नये म्हणून.

मग कागद सुरू झाले. नववीत मी शाळा सोडली ती रत्नागिरीकडच्या आमच्या गावात. लग्नानंतर नागपूरला आले, हिंगण्याच्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला लागले, आणि बऱ्याच वर्षांनी बाहेरून दहावी दिली. या मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट हवं होतं, म्हणजे स्टँप पेपरवर शपथ. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता: घरगुती अडचणीमुळे घरी होते, कुठेही नोकरी केली नाही.

"दादा, मी तर कंपनीत होते."

"ताई, सगळे हेच नेऊन राहिले. तुमालेच काहून प्रॉब्लेम?"

सही न करता कागद घरी आणला. नागपुरातच बेसाला आमच्या शेजारी राहणारी मैत्रीण अजून त्याच कंपनीत जाते. तिनं तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

"काहून वं, घरी बसली होती का तू? मग माह्या संगं कंपनीच्या बसमधी कोन येत होतं, तुयं भूत?"

दुसऱ्या दिवशी मी खरं लिहून घेतलं. सरांनी ते वाचून चष्मा काढला.

"अहो, कशाला फाटे फोडता? नोकरी म्हटली की विद्यापीठातून वरून तिचा दाखला मागतील. कंत्राटदार देणार आहे?"

"नाही देणार."

"मग साधं करून आणा. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मला थांबवता येणार नाही."

या माणसानंच मला दारात उभं केलं होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "सर, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण याच बायकांवर मी लिहिणार ना? मग पहिल्याच कागदावर मी त्यांच्यात नव्हते असं कसं लिहू?"

त्यांनी कागद फाइलला लावला. आणि त्यांचंच खरं झालं, वरून दाखला मागितला.

मैत्रिणीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा कोर्टाबाहेर गेलो. टायपिस्टनं मला पाहून मान खाली घातली. मैत्रीण सरळ त्याच्या समोर बसली.

"लिही गा. हिच्या बाजूले उभी राहून डबे भरले म्या. खोटं असन त मले धरा."

"बाई, याचा फॉरमॅट नाही."

"मंग बनव. बोटं त आहेत ना तुले?"

त्यानं बनवला. ती सांगत होती, तो टाइप करत होता. सही करताना तिनं पेन इतकं दाबलं की कागदाच्या मागं अक्षरं उमटली. विभागात कारकुनानं तो कागद उलटासुलटा पाहिला, सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "घ्या. मी सांगतो वर."

जागा राहिली. माझ्या प्रबंधासाठीची पहिली मुलाखत मी तिचीच घेतली.