दहा पाइपांचा शब्द

गल्लीत त्याला सगळे तडतड्या मिस्त्री म्हणायचे, आणि तेही तोंडावर. बोअरचे पंप काढणं, घालणं, खाली सोडणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, साखळी लावायची, वीस-वीस फुटांचे पाइप एकेक करून वर ओढायचे आणि हे करता करता घरमालकाची यथेच्छ हजेरी घ्यायची. "नळी मोकळी सोडून गाड्या धुता, टाकी तासतासभर वाहते, आणि पाणी आटलं की आठवतो मिस्त्री! जमीन काय तुमच्या बापाची पाणपोई आहे?" लोक हसायचे. म्हणायचे, "बरं बरं, पण दोन पाइप खाली सोडा." आणि तो सोडायचा. करतो काय? पोट कुणाला चुकलंय?

गल्लीत घरं अकरा, बोअर अकरा, आणि खाली झरा एकच. एकानं पंप खाली नेला की शेजारच्याची मोटर हवा ओढायला लागायची. मग शेजारी त्याच्याही खाली जायचा. सहा वर्षांपूर्वी चार पाइपांवर लागणारं पाणी आता नवव्या पाइपाला लागत होतं. बोअरचा तळ चौदाव्याला. त्यापुढे काय? ठणठणाट!

यंदा त्याचं डोकंच फिरलं. त्याला सगळ्यात जास्त घोर होता शेजारी राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा. ताई एकटी, परसात रोपं वाढवून विकायची. झरा आटला तर तिची रोपं आठवड्यात करपणार. हा दारोदार फिरला. ओरडला, हात जोडले, एका घरी तर चक्क रुसून बसला. शेवटी अकराही घरांकडून शब्द घेतला : दहा पाइपांच्या खाली कुणी जायचं नाही, मोटर सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, गाड्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. प्रत्येक बोअरच्या झाकणावर त्यानं स्वतः लाल रंगानं दहाचा आकडा काढला.

महिनाभर बरं चाललं. पाणी वर आलं नाही, पण खालीही गेलं नाही. ताई म्हणाली, "तुझ्या जिभेचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला बघ." तो गालातल्या गालात हसला.

मग एका दुपारी कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या टाकीतून गढूळ पाणी वाहताना त्याला दिसलं. पंप जागचा हलवला की पहिले दोन दिवस असंच पाणी येतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेरून दुसरा मिस्त्री आणून हेडमास्तरांनी गुपचूप काम उरकलं होतं. झाकणावर दहाचा आकडा मात्र तसाच, ऐटीत.

"पोरांना आयुष्यभर खरं बोला म्हणून छड्या मारल्यात ना?" तो फाटकातच कडाडला.

"पाहुणे यायचेत हो," हेडमास्तर म्हणाले. "दोनच पाइप तर आहेत. तुम्ही उगाच राईचा पर्वत करता."

तणतणत तो घरी आला, तर मोरीतला नळ फुसफुसत होता. बायको रिकामी बादली घेऊन उभीच. "जगाला शहाणपण शिकवा," ती म्हणाली, "आणि घरच्यांना तहानेनं मारा. आपला शब्द पाळून काय मिळालं? हेडमास्तरांची बाग हिरवीगार, आणि मिस्त्रीच्या घरात थेंब नाही! लोक तोंडात शेण घालतील."

त्याला राग आला. हेडमास्तरांचा, बायकोचा, पाहुण्यांचा, सगळ्या दुनियेचा. त्या रागाच्या भरातच त्यानं घोडी उभी केली. ताई रोपं घेऊन बाजारात गेली होती. तासाभरात पंप तीन पाइप खाली गेला. हेडमास्तरांपेक्षा एक जास्तच. झाकणावरचा आकडा बदलायला त्यानं लाल रंगाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची मोटर जळाली. कोरडी चालत राहिली होती बिचारी. ताई बोअरच्या झाकणापाशी उकिडवी बसली होती. "मी तर दहावरच आहे," ती म्हणाली. "तू सांगितलंस म्हणून. मग पाणी गेलं कुठं? कुणी मोडला रे शब्द?"

हेडमास्तरांचं नाव त्याच्या अगदी जिभेवर होतं. तेवढंच घेतलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. पण ताईच्या चिखलानं भरलेल्या नखांकडे पाहून त्याला तेवढ्यावर थांबवेना.

"हेडमास्तरांनी," तो म्हणाला, "आणि मग मी. काल, तू बाजारात होतीस तेव्हा."

एरवी तडतडणारा माणूस खाली मान घालून उभा राहिला. ताईनं शिव्या द्याव्यात, निदान एक थोबाडीत तरी द्यावी, असं त्याला फार वाटलं. तिनं रोपांकडे एकदा पाहिलं. मग पदराला हात पुसत उठली.

"मोटरीचं वाइंडिंग भरून आण," ती म्हणाली. "आणि माझा पंप चार पाइप खाली सोड."

"ताई, चौदाव्याला तळ लागतो. त्याखाली काही नाही. तू तरी असं करू नकोस."

"का? मीच तेवढी का नको?"

 तो घोडी आणायला गेला.