हडळताईचं हसू

माझी लेक कित्येक वर्षं मालिकांमध्ये भुताची कामं करायची. इमारतीतली पोरं तिला ‘हडळताई’ म्हणत. जिन्यात गाठून “हस ना गं!” म्हणून मागे लागत, ती हसली की धूम ठोकत आणि लगेच परत येत.

ते हसू रेकॉर्ड केलं होतं जावयानेच. स्टुडिओत काचेपलीकडून त्याने बोट वर केलं की ही हसायची. पुढे लग्न, नात, घटस्फोट. मधेच घशाचं ऑपरेशन झालं. हसू गेलं, त्यामागे कामही गेलं. जुनं रेकॉर्डिंग मात्र नव्या नव्या मालिकांत वाजतच राहिलं. संध्याकाळी शेजारच्या भिंतीतून ते यायचं, आणि लेक माझ्यासमोर जेवत असायची, ओठ मिटून.

पोटगीच्या सुनावणीत त्याच्या वकिलांनी तेच हसू वाजवलं. “नवीन मालिका आहे, मॅडम. आवाज बाईंचाच. चांगल्या कमावतात की! पोटगी कशाला?”

“जुना आहे तो आवाज,” लेक घोगऱ्या स्वरात म्हणाली.

“अभिनेत्रीला घसा बसवून बोलणं काय अवघड?”

पोटगी बुडाली तर घर सुटणार होतं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “हसून दाखवा बरं.”

तेवढ्यात जावयाने, सवयीनेच असेल, बोट वर केलं.

लेकीची मान मागे गेली, खांदे गदगदले, तोंड उघडलं. सगळं पूर्वीसारखं, फक्त आवाज नाही. फुटक्या भात्यासारखी हवा तेवढी येत होती. तिला थांबताच येईना. शेवटी मीच ओरडले, “अहो, ते बोट खाली करा!”

पोटगी मंजूर झाली. नातीने रविवारी बापाकडे जायचं, हेही ठरलं.

परवा ती तिकडून आली ती उड्या मारतच. “आजी, बाबांकडे काचेची खोली आहे! बोट वर केलं की हसायचं.”

“मग हसलीस?”

“खूप वेळ. बाबा बोट खाली करायलाच विसरले.”

आज जेवताना भिंतीतून हसू आलं. लेकीने हातातला घास ताटात ठेवला.

“आई,” ती म्हणाली, “हे माझं नाहीये.”