लाल रेघ कशाची?

अकोल्याला कृषी खात्यात नवीनच नोकरीला लागलो होतो. तेल्हाऱ्याच्या शेतकरी सभेसाठी पिकांच्या उत्पादनाचा आलेख मी मोठ्या कागदावर काढला. तीन रंगांच्या तीन रेघा, आणि कोणता रंग कोणत्या पिकाचा ते खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आमचे साहेब बोलायला उभे राहिले, तोच पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "लाल रेघ कशाची हाये, भाऊ?" मागूनही तेच.

मग मी उठलो आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी ठळक अक्षरात लिहिलं: कापूस, ज्वारी, तूर.

"कापूस खाली काहून गेला?" एकजण ओरडला.

"तुह्या वावरात गेला असंल!" दुसरा म्हणाला.

सभा हसली, मग कापसावर भांडू लागली. माझ्याकडे कोणी पाहीना. मी निवांत खाली बसलो.